कैदेतही न थांबलेली लेखणी : मौलाना आझाद यांचं लिहितं आयुष्य

दरवर्षी 11 नोव्हेंबरला शाळा-कॉलेजांत राष्ट्रीय शिक्षण दिन साजरा होतो. मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या फोटोला हार घातला जातो, देशाचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून दोन शब्द बोलले जातात आणि कार्यक्रम संपतो. मुलं घरी येऊन सांगतात की मौलाना मोठे नेते होते. ते होतेच. पण राजकारणात येण्याच्या कितीतरी आधीपासून ते लेखक होते, संपादक होते, प्रूफं तपासणारे आणि छापखाना सांभाळणारे माणूस होते. लेखणी हेच त्यांचं पहिलं काम. आज आम्हाला त्यांच्या या बाजूबद्दल बोलायचं आहे.

यामागे एक कारण आहे. आपल्या समाजात लिहिणारी माणसं कमी नाहीत. कुणी उर्दू शाळेत शिकवून रात्री कथा लिहितो, कुणी दुकान सांभाळता सांभाळता गझल लिहितो, कुणी बाई मुलांना झोपवून डायरी उघडते. सुरुवात बहुतेकांची जोरात होते. मग एक लेख परत येतो, कुणी वाचत नाही, पैसे मिळत नाहीत, घरात आजारपण येतं आणि लेखणी थांबते. पुन्हा हातात घ्यायची हिंमत होत नाही. मौलानांच्या आयुष्यात तर पेपर बंद पडले, हस्तलिखितं पोलिसांनी नेली, वर्षानुवर्षं नजरकैद आणि जेल झाली, शेवटी जेलमध्ये असतानाच पत्नीच्या इंतकालची खबर आली. तरीही त्यांनी लिहिणं सोडलं नाही. हे त्यांनी कसं निभावलं, ते पाहण्यासारखं आहे.

पहाटेची सवय

मौलानांचा जन्म 11 नोव्हेंबर 1888 रोजी मक्केत झाला. खरं नाव मोहिउद्दीन अहमद. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे आलिम आणि पीर, त्यांचे मुरीद दूरदूरपर्यंत होते. आई मदिनेच्या एका विद्वान घराण्यातली. मौलाना लहान असतानाच हे कुटुंब कलकत्त्याला येऊन राहिलं.

वडिलांचा नव्या इंग्रजी शिक्षणावर विश्वास नव्हता. म्हणून मुलाची सगळी तालीम घरातच झाली. अरबी, फारसी, फिक्ह, मन्तिक, गणित हे सगळं घरी येणाऱ्या उस्तादांकडून. जो अभ्यास पुरा करायला इतर मुलांना विशी-पंचविशी उजाडायची, तो त्यांनी सोळाव्या वर्षाच्या आसपास संपवला. घरातली शिस्त कडक होती. रात्री लवकर झोपायचं आणि पहाटे अंधार असतानाच उठायचं, हा वडिलांचा नियम. मुलाला खेळण्यापेक्षा पुस्तकाचं वेड जास्त. घरात शांतता मिळाली नाही की तो कलकत्त्याच्या डलहौसी चौकातल्या झाडांमध्ये एक बाकडं गाठायचा आणि तिथे वाचत बसायचा.

वडिलांच्या बऱ्याच गोष्टी पुढे मुलाने मान्य केल्या नाहीत. पीर-मुरिदीची गादी त्याला नको होती. वारशाने मिळालेल्या समजुती तपासून घ्यायच्या, कुणी सांगितलं म्हणून मान हलवायची नाही, या विचारातून त्याने 'आझाद' हे टोपणनाव घेतलं. पहाटे उठण्याची सवय मात्र त्याने आयुष्यभर जपली आणि त्याबद्दल तो वडिलांचे आभार मानत राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण त्यांच्या लेखनाची सगळी इमारत या एका सवयीवर उभी आहे. मिटिंगा, मुलाखती, प्रवास, जेल, मंत्रालय या सगळ्या धावपळीत त्यांना स्वतःचे असे दोन-तीन तास मिळाले ते जग झोपलेलं असताना.

छापण्याचा नाद तर मिसरूड फुटायच्या आधीचा. आधी शायरी केली, शायरीचं छोटं मासिक काढलं, ते बंद पडलं. मग 1903 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, 'लिसानुस्सिद्क' नावाचं मासिक सुरू केलं. तेही फार काळ चाललं नाही. पण त्यातले लेख वाचून मोठमोठी माणसं चकित झाली. मौलाना शिबली नोमानी मुंबईत त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा समोरचा मुलगा हा त्या संपादकाचा मुलगा असावा असं त्यांना वाटलं, असं सांगतात. पुढे शिबलींनीच त्यांना लखनौला 'अन-नदवा' या मासिकाच्या कामावर घेतलं. नंतर अमृतसरच्या 'वकील' या वर्तमानपत्रात त्यांनी काम केलं. म्हणजे विशीच्या आत दुसऱ्याच्या हाताखाली राहून, मुदतीत मजकूर देण्याची, दुसऱ्यांचे लेख सुधारण्याची पुरेशी रियाझत झाली होती. 'अल-हिलाल' हा काही आभाळातून पडला नाही. त्यामागे बंद पडलेली मासिकं आणि आठ-दहा वर्षांची मेहनत होती.

दर आठवड्याची मुदत

1908 च्या सुमारास त्यांनी इराक, सीरिया, इजिप्त, तुर्कस्तानचा प्रवास केला, फ्रान्सपर्यंत जाऊन आले. तिथे त्यांना तरुण क्रांतिकारक भेटले, नवी वर्तमानपत्रं पाहायला मिळाली. परत आल्यावर कलकत्त्यातून 13 जुलै 1912 रोजी 'अल-हिलाल' या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला.

त्या काळी उर्दू पेपर कातिबाकडून लिहून घेऊन दगडावर छापले जायचे. मौलानांनी खिळ्यांची छपाई वापरली, फोटो टाकले, कागद आणि मांडणी यावर पैसा खर्च केला. मजकूर तर निराळाच होता. कुरआनच्या आयतींच्या आधाराने ते मुसलमानांना सांगत होते की गुलामीविरुद्ध उभं राहणं हे तुमचं दीनी कर्तव्य आहे आणि या कामात देशबांधवांबरोबर चाला. वाचकांनी पेपर डोक्यावर घेतला. मौलानांनीच पुढे सांगितलं आहे की दोन वर्षांत 'अल-हिलाल'च्या आठवड्याला 26,000 प्रती निघू लागल्या. उर्दू पेपरसाठी हा आकडा कुणी ऐकलेला नव्हता.

सरकारने प्रेस कायद्याखाली आधी 2,000 रुपयांचा जामीन मागितला. तो भरला, तो जप्त झाला. मग 10,000 मागितले. तेही गेले. महायुद्ध सुरू झालं होतं, 1914 च्या अखेरीस 'अल-हिलाल' बंद पडला. एखादा माणूस इथेच थकला असता. मौलानांनी वर्षभरात, नोव्हेंबर 1915 मध्ये, नवं नाव घेऊन 'अल-बलाग' सुरू केला. आता सरकारला पेपरऐवजी माणूसच हलवावा लागला. मार्च 1916 मध्ये त्यांना बंगालमधून हद्दपार केलं. पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत, मुंबई या प्रांतांचे दरवाजे त्यांना आधीच बंद झाले होते. उरला बिहार. ते रांचीला गेले आणि थोड्याच दिवसांत तिथेच नजरकैदेत पडले. 1919 च्या शेवटापर्यंत ते तिथे होते.

कंदहारहून आलेला वाचक

रांचीत पेपर नाही, छापखाना नाही, दर आठवड्याची मुदत नाही. सवयीच्या लेखकाला हे किती जड जातं ते लिहिणाऱ्यांनाच कळेल. मौलानांनी तिथे दिवस वाटून घेतला. गावात मदरसा उभा केला, जुम्याला मशिदीत तकरीर करू लागले आणि घरी लेखन चालू ठेवलं. त्यांचे स्नेही मिर्झा फजलुद्दीन अहमद मागे लागले होते की स्वतःची जीवनकथा लिहा. मौलाना लिहायला बसले ते पूर्वजांपासून आणि पूर्वजांतच इतके रमले की स्वतःबद्दल फार थोडं लिहिलं गेलं. तेच पुस्तक 'तज्किरा' म्हणून 1919 मध्ये छापलं गेलं.

खरं मोठं काम वेगळं होतं. कुरआनचा उर्दू तर्जुमा आणि त्यावरचं विवेचन करायचं त्यांनी ठरवलं होतं, 'अल-बलाग'मधून तसं जाहीरही केलं होतं. मराठीत सांगायचं तर साध्या माणसाला कुरआन काय सांगतं ते त्याच्या भाषेत कळावं, एवढाच हेतू. रांचीत पोलिसांनी झडती घेतली आणि तयार झालेला भाग उचलून नेला. आता काय करायचं? जप्त झालेली पानं आज ना उद्या परत मिळतील या आशेने मौलानांनी पुढच्या पाऱ्यांपासून काम चालू ठेवलं. परत मिळत नाहीत असं दिसल्यावर गेलेला भाग पुन्हा पहिल्यापासून लिहिला.

याच दिवसांतली एक हकीकत आहे. ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. डिसेंबर 1918 मध्ये एका रात्री मौलाना ईशाची नमाज पढून मशिदीतून बाहेर पडले. मागून कुणीतरी येत आहे असं वाटलं. वळून पाहिलं तर घोंगडी पांघरलेला एक अनोळखी माणूस. चौकशी केली तेव्हा कळलं की तो सरहद्दीपलीकडून, कंदहारहून आला आहे. क्वेट्ट्यापर्यंत पायी आला. तिथे आपल्या मुलुखाचे व्यापारी भेटले, त्यांच्याकडे नोकर म्हणून राहिला आणि त्यांच्याबरोबर आग्र्याला पोचला. आग्र्याहून रांचीपर्यंत पुन्हा पायी. एवढा खटाटोप कशासाठी, तर कुरआनातल्या काही जागा त्याला समजून घ्यायच्या होत्या. 'अल-हिलाल' आणि 'अल-बलाग'चा शब्द न् शब्द त्याने वाचला होता.

हा माणूस काही दिवस राहिला आणि एक दिवस न सांगताच निघून गेला. निरोप घ्यायला आलो तर मौलाना परतीच्या भाड्यासाठी पैसे देतील आणि ते ओझं आपल्याला नको, म्हणून तो गुपचूप गेला. परतीचीही बरीचशी वाट त्याने पायीच काढली असणार.

'तर्जुमानुल कुरआन'चा पहिला खंड 1931 मध्ये निघाला तेव्हा मौलानांनी तो कुणा नवाबाला किंवा नेत्याला अर्पण केला नाही. या घोंगडीवाल्याला केला. त्याचं नावसुद्धा त्यांना आठवत नव्हतं, तो जिवंत आहे की नाही तेही माहीत नव्हतं.

आपले किती वाचक आहेत याचा हिशेब करत बसणाऱ्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी. मौलानांना 26,000 प्रतींचा आकडा तोंडपाठ होता, पण ज्याच्यासाठी मोठं काम तडीस नेलं असं त्यांनी जगाला सांगितलं, तो वाचक एकच होता.

पुन्हा पहिल्या पानापासून

आम्ही 1931 वर येऊन पोचलो, पण मधे दहा-बारा वर्षं आहेत आणि ती सोपी नव्हती.

रांचीहून सुटल्यावर मौलाना खिलाफत आणि असहकाराच्या लढ्यात उतरले. डिसेंबर 1921 मध्ये पुन्हा अटक झाली. फेब्रुवारी 1922 मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली. त्यांची पत्नी झुलेखा बेगम यांनी तेव्हा गांधीजींना तार केली की शिक्षा अपेक्षेपेक्षा कमीच झाली आहे आणि बंगालमधल्या खिलाफत कमिटीचं नवऱ्याचं काम आता मी बघेन. पडद्यात राहणाऱ्या या बाईची हिंमत काय होती ते यावरून कळतं.

याच अटकेच्या वेळी पोलिसांनी घर आणि छापखाना धुंडाळला. तर्जुमा, तफसीर, कातिबाने उतरवून ठेवलेली पानं, जे हाताला लागलं ते नेलं. सुटून आल्यावर मौलानांनी ते परत मागितलं. बऱ्याच खटपटीनंतर जे परत मिळालं तो फाटक्या, उलट्यासुलट्या कागदांचा ढीग होता. काही पानं गायब, काही अर्धी. कित्येक वर्षांच्या मेहनतीची ही अवस्था.

मौलाना या धक्क्याने हबकले. हे त्यांनी लपवलेलं नाही. बरीच वर्षं त्यांना त्या कामाला हात लावावासा वाटला नाही. आम्हाला हे सांगणं गरजेचं वाटतं, कारण मोठ्या माणसांच्या कहाण्या सांगताना आपण असा समज करून देतो की ती कधी खचतच नाहीत. मौलाना खचले. फरक इतकाच की त्यांनी कामाला कायमचा सलाम ठोकला नाही. मधल्या काळात इतर लिहिलं. 1927 मध्ये 'अल-हिलाल' काही महिने पुन्हा काढून पाहिला, तो टिकला नाही. आणि त्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा तर्जुम्याकडे वळले. फाटक्या कागदांची डागडुजी करण्यापेक्षा नव्याने लिहावं असं ठरवलं आणि तसं लिहिलं. पहिला खंड 1931 मध्ये, दुसरा 1936 मध्ये आला.

यात एक फायदाही झाला, असं आम्हाला वाटतं. 'अल-हिलाल'ची भाषा अरबी-फारसी शब्दांनी जड होती, सभेत गर्जना करणाऱ्या वक्त्यासारखी. 'तर्जुमानुल कुरआन'मधली भाषा शांत आहे, समजावून सांगणारी आहे. विशीतल्या मौलानांनी हे काम एका झटक्यात पुरं केलं असतं, तर ते असं झालं असतं का?

अहमदनगरच्या किल्ल्यात

आता आपल्या महाराष्ट्रातला प्रसंग. 8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. मौलाना तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. भुलाभाई देसाई यांच्या घरी उतरले होते. 9 तारखेच्या पहाटे पोलीस आले. खास रेल्वेगाडीत सगळ्या नेत्यांना बसवलं. गांधीजींना वाटेत चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं आणि बाकीच्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, आपले शंकरराव देव असे एकाहून एक लोक तिथे होते. निजामशाहीचा, चांदबिबीचा हा किल्ला. मौलानांना तो सगळा इतिहास पाठ होता. तिथल्या जेल सुपरिटेंडंटला त्यांनी त्याच काळातल्या माणसाचं नाव देऊन टाकलं, चीता खान.

सुरुवातीला ना पेपर मिळायचा, ना पत्र पाठवायला परवानगी. मौलानांनी दुसऱ्याच दिवशी, 10 ऑगस्टला, एक पत्र लिहिलं. ते होतं त्यांचे जुने दोस्त नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना. शेरवानी अलीगढकडचे, ग्रंथांचे शौकीन, आलिम आणि राजकारणापासून लांब. पत्र टपालात पडणार नव्हतं, हे लिहिताना माहीत होतं. तरी लिहिलं, फाईलमध्ये ठेवलं. काही दिवसांनी दुसरं लिहिलं. असं करत करत जे जमलं तेच 'गुबार-ए-खातिर'. उर्दूतल्या उत्तम गद्यात आज या पुस्तकाचं नाव घेतलं जातं.

या पत्रांत राजकारण जवळपास नाही. मग काय आहे? चहा आहे. मौलाना पहाटे तीन-चारला उठायचे, स्वतःच्या हाताने चिनी जास्मिन चहा करायचे आणि दूध न घालता, घोटाघोटाने प्यायचे. दूध-साखरेच्या आपल्या चहावर त्यांचा फार राग. या चहावर त्यांनी अख्खं पत्र लिहिलं आहे. बागकाम आहे, अंगणातली रुक्ष जमीन खणून कैद्यांनी फुलझाडं कशी लावली ते. तरुणपणी सतार शिकल्याची आणि आग्र्याला चांदण्या रात्री ताजमहालच्या परिसरात ती वाजवल्याची आठवण आहे. अल्लाहच्या अस्तित्वाबद्दल गंभीर चिंतन आहे. शेकडो फारसी, अरबी, उर्दू शेर आहेत, तेही बरेचसे आठवणीतून, कारण जवळ पुस्तकं मोजकीच होती.

आणि चिमण्या आहेत. खोलीच्या जुन्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती. दिवसभर काड्या-कचरा टेबलावर पडायचा. मौलानांनी आधी युद्ध पुकारलं, हाकलून लावायचे सगळे प्रयत्न केले, हरले. मग तह केला. तांदळाचे दाणे ठेवू लागले. चिमण्या हळूहळू जवळ आल्या, शेवटी हातावर बसू लागल्या. त्यांना नावं दिली. कुणी मोती, कुणी कलंदर, ऐटीत चालणारा एक मुल्ला, एक सूफी. त्यातलं एक पिल्लू डोळे मिटून, मान टाकून पडलेलं असायचं. आई चोचीत दाणा घालून जायची. ते उडेल असं वाटेनाच. एक दिवस अचानक त्याने पंख पसरले आणि ते उडून गेलं. मौलानांनी त्यावर लिहिलं त्याचा भावार्थ असा की पंख तर त्याला आधीपासून होते, आपण उडू शकतो ही जाणीव तेवढी व्हायची होती.

काँग्रेसचा अध्यक्ष, साम्राज्याशी लढणारा माणूस, चिमण्यांवर लिहितो आहे! पण लिहिणाऱ्याला विषय कुठून मिळतात याचं यापेक्षा चांगलं उत्तर आम्हाला माहीत नाही. जग बंद झालं तर खोलीतलं छत उरतं. छताकडे नीट पाहावं लागतं, एवढंच.

झुलेखा बेगम

1942 च्या ऑगस्टमध्ये मौलाना कलकत्त्याहून मुंबईला निघाले तेव्हा झुलेखा बेगम आधीच आजारी होत्या. निरोप द्यायला दारापर्यंत आल्या, खुदा हाफिज एवढंच म्हणाल्या. लग्न झालं तेव्हा मौलाना बारा-तेरा वर्षांचे होते. त्यानंतरच्या आयुष्याचा मोठा भाग अटका आणि प्रवासात गेला.

मार्च 1943 मध्ये किल्ल्यात खबर आली की तब्येत गंभीर आहे. सुपरिटेंडंटने सुचवलं की सरकारला काही लिहायचं असेल तर मी लगेच पाठवतो. मौलानांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढतो आहोत त्याच्यापुढे घरच्या कारणासाठी हात पसरायचा नाही. मग दिवस सुरू झाले वाट पाहण्याचे. पेपर दुपारी यायचा. सुपरिटेंडंटच्या पावलांचा आवाज आला की काळीज धडधडायचं. पण मौलाना दाराकडे पाठ करून लिहीत बसलेले असायचे आणि तसेच बसून राहायचे. रोजच्या वेळा त्यांनी बदलल्या नाहीत. जेवणाच्या टेबलावर वेळेवर गेले, बोलले. पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं की ते सगळं वरवरचं होतं, आत माणूस जळत होता.

9 एप्रिल 1943 रोजी तार आली. झुलेखा बेगम कलकत्त्यात अल्लाहला प्यारी झाल्या होत्या. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. शेवटची भेट नाही, जनाज्याला खांदा नाही. 11 एप्रिलला मौलानांनी शेरवानींना पत्र लिहिलं. किल्ल्याच्या आवारात कुणाची तरी एक जुनी कबर होती. खबर आल्यापासून आपली नजर पुन्हा पुन्हा त्या कबरीकडे जाते, असं त्यात आहे. ते पत्र कुणीही एकदा वाचावं. त्यात रडारड नाही, मोठे शब्द नाहीत. तीन महिन्यांच्या आसपास भोपाळला त्यांची बहीण आबरू बेगम यांचाही इंतकाल झाला.

आपण म्हणतो, मन ठिकाणावर नसताना लिहिता येत नाही. खरं आहे. पण मौलानांच्या बाबतीत रोजच्या त्या लिहिण्याच्या तासाने मनाला धरून ठेवलं, असंही दिसतं. दुःख कमी झालं नाही. ते ठेवायला एक जागा मिळाली.

अर्धं राहिलेलं काम

1945 च्या जूनमध्ये मौलाना सुटले. त्यांचे सेक्रेटरी मोहम्मद अजमल खान यांनी पत्रं छापायचा आग्रह धरला आणि 1946 मध्ये 'गुबार-ए-खातिर' निघालं. त्यानंतर फाळणी, दिल्लीची होळी आणि शिक्षणमंत्रिपद. साहित्य अकादमी, संगीत नाटक अकादमी, विद्यापीठ अनुदान आयोग या संस्था त्यांच्याच काळात उभ्या राहिल्या. शेवटच्या काही वर्षांत ते संध्याकाळी हुमायून कबीर यांना उर्दूत आठवणी सांगायचे, कबीर त्या इंग्रजीत उतरवायचे. त्यातून 'इंडिया विन्स फ्रीडम' झालं. त्यातली सुमारे 30 पानं सीलबंद ठेवायला सांगितली होती, ती 1988 मध्ये उघडली. 22 फेब्रुवारी 1958 रोजी मौलाना अल्लाहला प्यारे झाले. दिल्लीच्या जामा मशिदीजवळ त्यांची कबर आहे.

आता एक कडू गोष्टही सांगायला हवी. 'तर्जुमानुल कुरआन' पुरं झालं नाही. दोन खंड सूरह मोमिनूनपर्यंत, म्हणजे अठराव्या पाऱ्यापर्यंत येतात. तिसरा खंड मौलानांच्या हातून आला नाही. 'तज्किरा'चा पुढचा भाग आला नाही. जाहीर केलेली आणखी पुस्तकं तशीच राहिली. राजकारणाने एका लेखकाला गिळलं, अशी खंत त्यांच्या चाहत्यांना आजही वाटते. ती चुकीची नाही.

पण जे झालं ते पाहा. तीनदा लिहावं लागलेला तर्जुमा, टपालात न पडलेली पत्रं, नजरकैदेत लिहिलेलं आत्मचरित्राचं सुरुवातीचं पान. हे सगळं 'योग्य परिस्थिती'ची वाट पाहत बसले असते तर झालंच नसतं. योग्य परिस्थिती त्यांना कधी मिळालीच नाही.

आपल्या लिहिणाऱ्या मुला-मुलींना यातून आम्ही चार साध्या गोष्टी सांगू. एक, दिवसातली एक वेळ ठरवा आणि ती कुणाला देऊ नका. फजरच्या आधीचा तास असेल तर उत्तम. दोन, मोठं लिहून होत नसेल तर लहान लिहा. पेपर बंद झाला तर पुस्तक, पुस्तक थांबलं तर पत्र. तीन, कुणीतरी एक माणूस डोळ्यांपुढे ठेवून लिहा. मौलानांना शेरवानी होते. आणि चार, खचलात तर खचा, काही वर्षंही जाऊ द्या, पण कागद फेकून देऊ नका.

घरातल्या मोठ्यांनाही एक विनंती आहे. तुमच्या घरात कुणी पहाटे दिवा लावून लिहीत बसत असेल, तर विजेचं बिल आणि यातून मिळणार काय, हे दोन प्रश्न निदान त्या तासात विचारू नका. जमलं तर एक कप चहा नेऊन ठेवा, मौलानांना न आवडणारा दूध-साखरेचा असला तरी चालेल.